कॅमेरा घ्यायचाय? आधी वही, मग दुकान

(संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्या सदस्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी इथे देत आहोत.)



मागच्या सभेत एक विषय अर्धवट राहिला होता. संघाच्या निधीतून ४५,००० रुपयांपर्यंतचा डिजिटल कॅमेरा घ्यावा, असा ठराव तीन गटांनी मांडला. त्यावर मागून एक मावशी म्हणाल्या, "एवढ्या पैशात तीन शेळ्या येतात. शेळी निदान व्यायते तरी, कॅमेरा काय व्यायणार?" सगळ्या हसल्या आणि सभा संपली. पण मावशींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हा पैसा तुमच्या बचतीतून आणि व्याजातून उभा राहिलाय. तो कपाटात कुलूपबंद पडून राहणार असेल, तर न घेतलेला बरा.

म्हणून आज मी "घ्या" किंवा "घेऊ नका" असं आधी सांगणार नाही. कॅमेरा कशाला हवाय, निवडायचा कसा, दुकानात तपासायचा कसा आणि घेतल्यावर सांभाळायचा कसा, हे चार भाग बोलते. निर्णय पुढच्या सभेत तुम्ही घ्यायचा.

कशाला हवाय?

गटाच्या वहीचं एक कोरं पान काढा. आपल्याला फोटो कशाकशासाठी लागतात ते लिहा. मी गटागटांत विचारलं तेव्हा चार कामं पुढे आली.

पहिलं काम, विक्रीच्या मालाचे फोटो. चटणी, पापड, मसाला, गोधडी. दुसरं, कागदोपत्री पुरावा. कर्जातून घेतलेली शिलाई मशीन, शेळीच्या कानातला विम्याचा बिल्ला, शेडचं बांधकाम. तिसरं, आपले कार्यक्रम. सभा, प्रशिक्षण, ८ मार्च, प्रदर्शनातला स्टॉल. चौथं काम तीन जणींनी सांगितलं. त्यांना बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, शाळेची ओळखपत्रं असे फोटो काढून कमाई करायची आहे.

आता प्रत्येक कामापुढे लिहा, हातातल्या मोबाईलवर हे होतं का?

पुराव्याच्या फोटोला मोबाईलच चांगला. त्यात तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं ॲप टाकता येतं आणि फोटो लगेच पाठवता येतो. सभेचे फोटोही मोबाईलवर भागतात. मालाचे फोटो मोबाईलवर वाईट येतात अशी तक्रार आहे, पण त्यातली निम्मी तक्रार उजेडाची आहे. ट्यूबलाइटखाली, वरून, फ्लॅश मारून काढलेली चटणी तेलकट आणि काळपट दिसते. तीच पुडी सकाळी दाराजवळ किंवा खिडकीशी ठेवा. उजेड एका बाजूने येऊ द्या. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, म्हणजे सावली हलकी होते. मोबाईलची काच मऊ सुती कपड्याने पुसा, कारण पिठाचा हात लागलेला असतो. एवढं आजपासून करा, त्याला एक रुपया लागत नाही. ॲमेझॉनवर माल लावायचा झाला तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा साधारण ८५ टक्के भाग भरावा लागतो. हा फोटोसुद्धा चांगल्या मोबाईलवर निघतो.

राहिलं चौथं काम. मांडवातला कमी उजेड, पळणारी पोरं, लांबून टिपायचा नवरीचा चेहरा, मोठ्या आकारात छापायचे फोटो. इथे मोबाईल कमी पडतो आणि गिऱ्हाईकही मोबाईलच्या फोटोला पैसे देत नाही. म्हणजे कॅमेऱ्याचा खर्च कुणी पेलायचा? कमाईच्या कामानेच पेलायचा.

आकडे मांडू

४५,००० रुपये म्हणजे सगळे पैसे कॅमेऱ्याला नाहीत. दुकानदार फक्त कॅमेऱ्याची किंमत सांगतो. बॅटरी, कार्ड, बॅग हे घरी आल्यावर आठवतं. म्हणून आधीच वाटणी करू. कॅमेरा आणि लेन्स मिळून ३८,००० च्या आत. जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डं, बॅग आणि तिपाई मिळून ४,५००. दुरुस्तीसाठी राखीव २,५००. झाले ४५,०००.

आता समजा संघाने हा कॅमेरा त्या तीन जणींना अंतर्गत कर्ज म्हणून दिला. मुदत १८ महिने, व्याज शेकडा एक रुपया महिना, शिल्लक रकमेवर. दर महिन्याला मुद्दल २,५०० रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज ४५० रुपये, पुढे दर महिन्याला २५ रुपयांनी कमी. अठरा महिन्यांचं एकूण व्याज होतं ४,२७५. म्हणजे संघाकडे परत येणार ४९,२७५ रुपये.

एका कार्यक्रमामागे प्रवास, छपाई वगैरे खर्च वजा जाता ७०० रुपये उरतात असं धरू. मग १८ महिन्यांत ७१ कार्यक्रम झाले की कर्ज फिटलं. महिन्याला चार. आपल्या पंधरा-वीस गावांत महिन्याला चार कार्यक्रम मिळतील का, हे तुम्ही मला सांगायचं. गावात कुणाच्या घरी काय आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

एक गोष्ट मात्र वहीत लाल पेनाने लिहा. आषाढी ते कार्तिकी एकादशी, चातुर्मासात लग्नं नसतात. तुळशीचं लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू होतात. म्हणून चातुर्मासात फक्त व्याज घ्यावं आणि लग्नसराईत हप्ता वाढवावा. गौरी-गणपती, नवरात्र, डोहाळजेवणं असतात, पण त्यांच्यावर पूर्ण हप्ता टाकू नये. शेतकऱ्याचं कर्ज आपण पिकाकडे बघून देतो ना, तसंच हे.

निवडताना काय बघायचं?

दुकानात गेलं की पहिला शब्द कानावर येतो, "मेगापिक्सेल". हा एवढ्याचा, तो तेवढ्याचा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. फोटो अशा ठिपक्यांचा बनतो, रांगोळी बनते तसा.

आपली माविम २४ फेब्रुवारी १९७५ ला सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साधारण ३.६ किलो. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि त्यात मेगापिक्सेल होता ०.०१, म्हणजे फक्त दहा हजार ठिपके. तिथून आज साधा कॅमेराही २० मेगापिक्सेलच्या आसपास असतो.

पण लागतात किती? आपण जो नेहमीचा ४ बाय ६ इंचाचा फोटो छापतो, तो उत्तम छापायला एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे १,२०० गुणिले १,८००. हे झाले २१ लाख ६० हजार ठिपके, दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त. भिंतीवर लावायच्या ८ बाय १२ इंचाला साधारण नऊ मेगापिक्सेल. त्यामुळे १६ ते २४ मेगापिक्सेल आपल्याला पुरून उरतात. त्यापुढच्या आकड्याला जादा पैसे मोजू नका.

मग खरा फरक कशात असतो? सेन्सरमध्ये. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली पट्टी, जिच्यावर उजेड पडून फोटो बनतो. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पाऊस सारखाच, पण परातीत पाणी जास्त साठतं. उजेडाचं तसंच आहे. लहान, खिशातल्या स्वस्त कॅमेऱ्याचा सेन्सर बहुतेक वेळा साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. लेन्स बदलता येणाऱ्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर अकरा-बारा पट. म्हणून मांडवातल्या कमी उजेडात लहान सेन्सरचा फोटो रव्यासारखा दाणेदार येतो आणि मोठ्या सेन्सरचा स्वच्छ. दुकानदाराला विचारायचं, "सेन्सरचा आकार किती?" हा प्रश्न विचारला की त्याचा बोलण्याचा सूरच बदलतो.

दुसरं, झूम. झूम दोन प्रकारचा. ऑप्टिकल झूममध्ये लेन्स आतल्या आत हलते आणि लांबचं खरोखर जवळ येतं. डिजिटल झूममध्ये काढलेल्या फोटोचा तुकडा नुसता ताणला जातो. पापड जास्त लाटला की फाटतो, तसा तो फोटो फाटतो. जाहिरातीत दोन्ही झूम मिळून मोठा आकडा दिलेला असू शकतो. आपण फक्त ऑप्टिकलचा आकडा बघायचा.

तिसरं, हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय. कॅननच्या लेन्सवर त्यासाठी "आयएस" अशी इंग्रजी अक्षरं असतात, निकॉनच्या लेन्सवर "व्हीआर". १८-५५ या एकाच आकड्याच्या, दिसायला सारख्या लेन्स ही सोय असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही मिळतात. अक्षरं शोधूनच घ्या.

चौथं, बॅटरी. कार्यक्रम पाच तास चालतो आणि गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही. एका चार्जला किती फोटो निघतात, हा आकडा कंपनी देते. कॅनन १५००डी चा आकडा ५०० च्या आसपास आहे, निकॉन डी३५०० चा १,५५० च्या आसपास. दोन्ही कॅमेरे २०१८ साली आलेले, दोन्ही सुमारे २४ मेगापिक्सेलचे, तरी एवढा फरक. उलट मोबाईलवर वायफायने फोटो पाठवण्याची सोय त्या कॅननमध्ये आहे, त्या निकॉनमध्ये फक्त ब्लूटूथ आहे. एकात सगळं मिळत नाही. आपल्या यादीतलं काय महत्त्वाचं, ते आपण ठरवायचं. निकॉनने डी३५०० बनवणं थांबवलंय, तो आता वापरलेलाच मिळेल.

दुकानात चाचणी

साडी घेताना आपण काय करतो? घडी मोडतो, पदर बघतो, दाराशी उजेडात नेतो. दोनशेच्या साडीला एवढं करतो आणि चाळीस हजारांचा कॅमेरा खोक्यातच बघून घ्यायचा? हातात मागायचा. "सॅम्पल पीस दाखवा" म्हणायचं. जो दुकानदार हात लावू देत नाही, त्याला राम राम करून पुढच्या दुकानात जायचं.

जाताना तिघींनी जा. वापरणारी एक, हिशोब बघणारी एक आणि चष्मा असलेली एक. सोबत न्या: आपल्या चटणीची पुडी, एक पांढरा कागद, एक गडद काठाची साडी आणि स्वतःचं मेमरी कार्ड.

पहिली चाचणी, अक्षरं. पुडीचा फोटो काढा, मग स्क्रीनवर मोठा करून बघा. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे.

दुसरी, रंग. चटणीचा लाल आणि साडीचा काठ दुकानाच्या दिव्याखाली टिपा, मग दाराबाहेर टिपा. दिव्याखाली सगळं पिवळट आलं तर दुकानदाराला "व्हाइट बॅलन्स" बदलून दाखवायला सांगा. बदलता येतो, हे स्वतः करून बघा.

तिसरी, कमी उजेड. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आपल्यातल्याच एकीला उभं करा आणि फ्लॅश न मारता फोटो काढा. चेहऱ्यावर दाणे किती दिसतात ते बघा. नंतर तिला पांढऱ्या भिंतीपुढे उभं करा. कॅमेरा पांढरं जास्त बघितलं की फोटो गडद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. यात आपल्या रंगाचा दोष नाही, मशीनच्या हिशोबाचा आहे. त्यासाठी अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं. अधिककडे एक पायरी नेलं की चेहरा उजळतो. ते बटण चटकन सापडतं का, हे बघा. आपल्या बायकांचे फोटो काढताना ते रोज लागणार आहे.

चौथी, हालचाल. सोबतची एक जण भरभर चालू दे. शटरचा वेग सेकंदाच्या २५० व्या भागावर ठेवून फोटो काढा. पाय धूसर दिसले नाहीत म्हणजे जमलं.

पाचवी, हात आणि डोळे. दहा मिनिटं हातात धरून उभ्या राहा. डीएसएलआर लेन्ससकट पाऊण किलोच्या घरात जातो. बांगड्या अडकतात का, बोट बटणापर्यंत पोचतं का? जिथून डोळा लावून बघतो, त्या खिडकीशेजारी एक लहानशी चकती असते. ती फिरवली की चष्म्याच्या नंबरप्रमाणे दिसणं स्पष्ट होतं. ती दुकानदार सहसा दाखवत नाही. आपण मागायची. कितीतरी जणी "मला दिसतच नाही" म्हणून कॅमेरा खाली ठेवतात आणि कारण एवढंच असतं.

सहावी, भाषा. मेनूत जाऊन भाषा बदला. काही कॅमेऱ्यांत हिंदी असते, काहींत मराठीही असते. ज्या ताईंना इंग्रजी वाचायला अवघड जातं, त्यांच्यासाठी ही सोय पाच मेगापिक्सेलपेक्षा मोठी आहे.

हे सगळे फोटो आपल्या कार्डवर घ्या आणि घरी या. त्या दिवशी पैसे देऊ नका. संगणकावर मोठे करून बघा, दोन-तीन फोटो ४ बाय ६ मध्ये छापून आणा आणि सभेत फिरवा. मग ठरवू.

पैसे देण्यापूर्वी

तीन दुकानांची दरपत्रकं आणायची. खरेदी समितीत तिघी. सभेचा ठराव आधी, पैसे नंतर. पैसे धनादेशाने किंवा संघाच्या खात्यातून, रोख नाही. बिल संघाच्या नावावर.

बिलाबद्दल एक सांगते. दुकानदार म्हणेल, "बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल." डिजिटल कॅमेऱ्यावर आधी २८ टक्के जीएसटी होता, १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. तो वाचवण्याचं आमिष दाखवतात. पण बिल नसेल तर वॉरंटी मागताना हात रिकामे. ऑडिटमध्येही ती खरेदी उभी राहत नाही. खोक्यावरचा, कॅमेऱ्याखालचा आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक तिन्हीकडे सारखा आहे का ते जुळवा. वॉरंटी भारतातली आहे ना, ते विचारा. बाहेरून आणलेल्या मालाला इथे दुरुस्ती मिळताना अडचण येते. छापील किमतीपेक्षा जास्त कुणी मागू शकत नाही, आणि कमी करून मागायला आपल्याला कुणाची बंदी नाही. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वापरलेला घ्यायचा विचार असेल तर तीन गोष्टी जादा. आतापर्यंत किती फोटो निघालेत हा "शटर काउंट" विचारा. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशोबाने बनवलेलं असतं, त्यामुळे ऐंशी हजार झालेला स्वस्तही नको. लेन्समधून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती पसरते, आणि काढायचा खर्च लेन्सच्या किमतीला जाऊन टेकतो. पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. आणि मूळ बिल मागा, नाहीतर चोरीचा माल संघाच्या गळ्यात पडायचा.

आणल्यावर

जडवस्तू नोंदवहीत नोंद करायची. कुणी नेला, कधी आणला, सही. फोटो दोन ठिकाणी साठवायचे, मगच कार्ड रिकामं करायचं. कॅमेरा पदराने पुसायचा नाही, जरीने काचेवर ओरखडे पडतात. हवा मारायचा लहान फुगा मिळतो, तो घ्या. मिरची कांडपाच्या खोलीत लेन्स बदलू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि साड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या असतात, त्या कपाटात ठेवू नका. त्या वासाचा वायू कॅमेऱ्याला घातक असतो.

कॅमेरा कुणाच्या हातात?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. संघाची वस्तू बायकांच्या नावाने येते आणि वापरतो भलताच कुणी, हे आपण पाहिलंय. "तुला काय कळतं, आण इकडे" हे वाक्य प्रत्येकीने ऐकलंय.

१९८४ साली अहमदाबादला इलाबेन भट यांच्या 'सेवा' संघटनेने 'व्हिडिओ सेवा' सुरू केली. त्यात व्हिडिओ कॅमेरा शिकलेल्या काही जणी लिहा-वाचायला न येणाऱ्या, हातावर पोट असलेल्या कष्टकरी बाया होत्या. त्यांनी आपल्या कामाचे, अडचणींचे चित्रपट स्वतः बनवले. तेव्हाचा कॅमेरा आजच्यापेक्षा कितीतरी जड आणि अवघड. उत्तर प्रदेशात बुंदेलखंडातल्या बायकांनी २००२ मध्ये 'खबर लहरिया' वृत्तपत्र सुरू केलं आणि पुढे त्या मोबाईलवर बातम्या टिपायला लागल्या. एकींच्या हातात कॅमेरा, दुसरींच्या हातात मोबाईल. दोन्हीकडे वस्तू बाईच्या हातात राहिली, म्हणून काम झालं.

म्हणून अट घालू. ज्या तिघी कर्ज उचलतील, त्याच कॅमेरा वापरतील. घरातल्या कुणाला द्यायचा नाही. आणि वर्षभरात आणखी तिघींना शिकवायचं.

दुसरी अट परवानगीची. फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि कुठे टाकणार तेही सांगायचं. कर्जाचा धनादेश हातात घेतलेला फोटो गावाच्या व्हॉट्सॲपवर फिरला, तर त्या ताईला घरी उत्तर द्यावं लागतं. दारात वसुलीला गेलो आणि फोटो काढला, तर तिची अब्रू जाते. लहान मुलांचे फोटो आईला विचारल्याशिवाय नाहीत. "नको" म्हणाली की विषय संपला. हा नियम नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहायचा.

माझं मत विचाराल, तर सांगते. तीन जणी नाव देऊन, सही करून हप्त्याची जबाबदारी घ्यायला तयार असतील आणि महिन्याला चार कार्यक्रमांची यादी समोर दिसत असेल, तर कॅमेरा जरूर घ्यावा. तो मावशींच्या शेळीसारखा व्यायला लागेल. नुसतं "संघाकडे असावा" म्हणून घ्यायचा असेल तर थांबावं. मोबाईलला एक तिपाई आणि एक दिवा घ्यावा आणि मालाचे फोटो सुधारावेत. बाकी पैसा कर्ज मागणाऱ्या ताईंना द्यावा.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने तीन गोष्टी आणायच्या. एक, फोटो कशासाठी लागतात त्याची यादी. दोन, तुमच्या गावात येत्या सहा महिन्यांत होणारे कार्यक्रम किती, त्याचा अंदाज. तीन, शिकायला तयार असलेल्या ताईचं नाव, तिच्या स्वतःच्या तोंडून आलेलं. दरपत्रकं आणायला शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी कोण कोण येणार, त्या ताईंनी सभा संपल्यावर सचिवांकडे नाव लिहून द्या.